रोजंदारीवरचे गडी

२००३ सालच्या मार्चपासून माझा नवरा अमेरिकेतल्या तेवीस पुरुषांचा मालक झाला. त्यांतल्या एकालाही त्याने पाहिलेलं नव्हतं, निम्म्यांची नावं त्याला धड उच्चारता येत नव्हती आणि ज्या बेसबॉलसाठी ही माणसं पदरी बाळगली होती, त्याचा एक अख्खा सामना त्याने जन्मात बघितला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी बरं, शारजात उंटांना तोटा नाही.

खेळ असा होता. कॉम्प्युटरवर दहा जणांनी आपापला संघ मांडायचा. संघातले खेळाडू खरे. ते तिकडे अमेरिकेत रोज खरे सामने खेळणार आणि मैदानावर त्यांनी जे दिवे लावले असतील त्याचे गुण ज्याच्या संघात ते असतील त्याला मिळणार. फँटसी बेसबॉल म्हणतात याला. आमचा सिद्धांत ओहायोत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या मित्रांनी हा खेळ मांडला होता, त्यातला एक मुलगा गळला, दहावी जागा रिकामी राहिली, आणि सिद्धांतने बाबाला मेल टाकला, "बाबा, वॉन्ट इन?"

मला वाटलं, शैलेंद्र हसून सोडून देईल. त्याने त्याच दिवशी नाव घातलं.

त्याचं कारण मला लगेच कळलं, तोंडाने कुणी बोललं नाही तरी. बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं म्हणजे तीन वाक्यं होती. बरा आहेस ना. अभ्यास चाललाय ना. घे, आईशी बोल. मार्चनंतर मात्र दोघं रोज एकमेकांना मेल करायला लागले. मेलमध्ये सगळं बेसबॉलच असायचं, पण रोज असायचं. खरं सांगते, मला थोडा हेवा वाटायचा. एकोणीस वर्षं डबे मी भरले आणि गप्पा मारायला बाप.

शैलेंद्रला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट कळत होती. दहा जणांनी निवडून झाल्यावर जे खेळाडू कुणालाच नको होते, ते एका लांबलचक यादीत पडून असत. आपला एखादा जायबंदी झाला किंवा ढेपाळला की त्याला सोडायचा आणि त्या उरलेल्यांतला एक उचलायचा. वेव्हर वायर असं त्या यादीचं नाव. मी तिला मजुरांचा नाका म्हणायचे. सकाळी नाक्यावर माणसं उभी असतात, मुकादम येतो, दोघातिघांना दिवसापुरते घेऊन जातो, तसंच ते. शैलेंद्र एका एसी डक्टिंगच्या कंपनीत परचेस मॅनेजर होता. उद्या साइटवर माल हवा, कुणाकडे तयार आहे, हे शोधण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्यामुळे नाक्यावर तो वाघ. अमुक गावचा संघ पुढचे तीन दिवस दुबळ्यांशी खेळणार, घ्या त्यांचा एक फटकेबाज. तमुक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, या आठवड्यात दोनदा टाकणार, घ्या त्याला. आठवडा संपला की खलास, द्या सोडून. नावं जिभेवर बसत नसल्याने तो त्यांना गावावरून ओळखायचा. डेट्रॉइटचा डावखुरा. टेक्ससचा जाड्या.

"बाबा, यू आर सो हार्टलेस," ईशानी म्हणायची. ती चौदा वर्षांची होती आणि मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यायचं नाही असा तिचा बाणा होता.

"रोजंदारीचा गडी आहे तो, बेटा," शैलेंद्र म्हणायचा. "त्याच्याशी लग्न थोडंच लावायचंय?"

तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी संपतात. त्यामुळे आमच्या घरात पोह्यांची बशी कीबोर्डशेजारी यायला लागली. तेव्हा नेट लावलं की घरचा फोन एंगेज लागायचा. एखाद्या सकाळी सिद्धांतने फोन केला आणि बाप नाक्यावर गेलेला, असं होईल, म्हणून मी सारखी त्याच्या मागे उभी राहून "झालं का, झालं का" करायचे. तो इथल्या अरबी सवयीने म्हणायचा, "यल्ला, चल चल, दोन मिनिटं." त्याची दोन मिनिटं मला चांगली माहीत आहेत.

उन्हाळ्यात सिद्धांत घरी आला नाही. समर कोर्स घेतोय आणि प्रोफेसरांच्या लॅबमध्ये काम मिळालंय, म्हणाला. आम्हाला कौतुकच वाटलं. जुलैत त्याचे फोन कमी झाले. ऑगस्टमध्ये मेल एकेका ओळीचे झाले. मी शैलेंद्रकडे विषय काढला की तो म्हणे, "बिझी असेल गं. त्याच्या वयात मी आईला पोस्टकार्ड तरी टाकत होतो का?" टाकत नव्हता, हे मला सासूबाईंनी सांगितलंच होतं. पण माझ्या मनातून ते जात नव्हतं. कपडे वाळत घालताना, खाली खाडीच्या लगूनकाठी फिरायला गेलं असताना, काहीही करताना. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर करमत नव्हतं. बाहेरच्या त्या वाफेत कुणाला करमणार म्हणा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बाप-लेकाची गाठ पडली. दर आठवड्याला एकाचा संघ दुसऱ्याशी लढतो, आणि त्या आठवड्यात शैलेंद्रच्या वाट्याला सिद्धांत आला. शैलेंद्र सातवा होता. ही लढत जिंकली तर पहिल्या सहांत जाऊन तो पुढच्या फेरीला पात्र होणार होता. सोमवारी सकाळी त्याने सिद्धांतचा संघ उघडून बघितला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हा बघ. याचे तीन गडी जखमी आहेत. समोर लाल खूण आहे. तरी खेळायला उतरवलेत."

"मग तुझं बरंच आहे की."

"बरं कसलं? हा मला जिंकू देतोय, मृणाल. बापावर दया दाखवतोय."

तो खरोखर चिडला. लहानपणी कॅरममध्ये त्याच्या काकांनी मुद्दाम राणी सोडलेली त्याला अजून आठवते, असा हा माणूस. त्याने तिथल्या तिथे मेल ठोकला. नीट खेळ, मला भीक नको.

मंगळवारी उत्तर आलं. शैलेंद्रने मला वाचून दाखवलं. "नॉट चॅरिटी, बाबा. सॉरी. आय ॲम ओके, जस्ट डे-टू-डे."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे रोजचं चाललंय. रूटीन. डे-टू-डे वर्क म्हणतो ना आपण ऑफिसात, तसं. कामात आहे पोरगा."

ते ऐकून मला जरा हायसं वाटलं. रोजचं चाललंय, म्हणजे उठतोय, जातोय, जेवतोय. मी त्या दिवशी गणपतीच्या तयारीला लागले. रविवारी चतुर्थी होती, आमच्याकडे दीड दिवसाचा बसतो, आणि मूर्ती बर दुबईच्या बाजारातून आणायची होती.

शैलेंद्रने मात्र चंग बांधला. पोरगा दया दाखवत असेल तर त्याला धुऊनच काढायचा. त्याच संध्याकाळी तो नाक्यावर गेला आणि तिथे त्याला घबाड मिळालं. सिअ‍ॅटलचा एक नामांकित फटकेबाज कुणीतरी सोडून दिलेला, बेवारस पडून होता. त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, डे-टू-डे.

"रोज खेळणारा आहे," शैलेंद्र हात चोळत म्हणाला. "स्पष्ट लिहिलंय. बाकीचे कधी बसतात, कधी खेळतात. हा डे-टू-डे. असा गडी सोडतात म्हणजे या पोरांना अक्कल नाही." आणि त्याला घेण्यासाठी त्याने डेट्रॉइटच्या डावखुऱ्याला नारळ दिला.

बुधवारी सिअ‍ॅटलवाल्याचे शून्य गुण. गुरुवारी शून्य. त्याने चूक केली होती असं नाही, तो मैदानात उतरलाच नव्हता. तिकडे सोडून दिलेल्या डावखुऱ्याने दुसऱ्याच्या संघात जाऊन पराक्रम गाजवला. शैलेंद्र घरभर फिरायला लागला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आधी वेबसाइटला नावं ठेवून झाली, मग सिअ‍ॅटलला. शेवटी गुरुवारी संध्याकाळी त्याने खेळाच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी तक्रार लिहिली की हा खेळाडू डे-टू-डे आहे असं म्हणता आणि तो खेळत का नाही.

शुक्रवारी सुट्टी. सगळे घरात. नऊ वाजले असतील, मी मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन पंच्यावर पसरत होते. शैलेंद्रने नेट लावलं. सिद्धांतच्या मित्रांपैकी एकाचं उत्तर आलं होतं. पोरगा सभ्य असावा, हसला नव्हता. ईशानीने ते मोठ्याने वाचलं आणि बापाला समजावलं.

"बाबा, इट डझन्ट मीन एव्हरी डे. इट मीन्स ही इज हर्ट. बँडेज लावून बसवण्याइतका नाही, बट नॉट ओके. टुमॉरो ही मे प्ले, ही मे नॉट. नोबडी नोज. दे आस्क हिम एव्हरी मॉर्निंग."

मराठी शब्द तिच्या तोंडातून आले होते, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"म्हणजे जखमी आहे?" शैलेंद्र म्हणाला. "मग सरळ जखमी लिहा ना. डे-टू-डे काय? इंग्रजीची वाट लावलीये या लोकांनी." आणि तो बोलत राहिला. मी हात तसेच ओले ठेवून तिथे उभी होते. उद्या खेळेल की नाही माहीत नाही. रोज सकाळी विचारतात.

"शैलेंद्र, सिद्धूचा मेल काढ."

"कुठला?"

"मंगळवारचा. काढ आधी."

त्याने काढला. त्यात तेच होतं, जस्ट डे-टू-डे. ईशानीने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन नेटची वायर उपटली, म्हणजे फोन मोकळा होईल.

ओहायोत रात्रीचा एक वाजला होता. पहिल्या रिंगला त्याने उचलला. जागाच होता.

"सिद्धू, मी बोलतेय."

"आई? इट्स वन इन द मॉर्निंग."

"माहीत आहे. आज कसा आहेस? मागचं-पुढचं नको, आजचं सांग."

मग तो म्हणाला, "नॉट गुड, आई."

आणि मग सांगत गेला. मे महिन्यात दोन विषय गेले होते. लॅबमधलं काम मिळालंच नव्हतं. समर कोर्सला त्याने नाव घातलं आणि दोन आठवड्यांनी जाणं सोडलं. खोलीतले मित्र सुट्टीला घरी गेले तेव्हापासून तो एकटा होता. दिवसा झोपायचा, रात्री छताकडे बघत पडायचा. भूक नाही. कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. संघातले गडी जखमी झाले ते त्याला दिसत होते, पण ती चार बटणं दाबायलाही हात उचलत नव्हता. हे सगळं तो इतक्या सपाट आवाजात सांगत होता की जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

मला आधी राग आला. खोटं बोललास म्हणून राग, आणि मला कळलं नाही म्हणून स्वतःचा त्याहून जास्त. मग भीती वाटली. उठून जावं म्हटलं तर त्या वर्षी अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची नुसती तारीख मिळायला महिना-दीड महिना लागत होता. मी म्हटलं, "घरी ये, मिळेल त्या विमानाने." तो म्हणाला, "आता आलो ना आई, तर आय वोन्ट कम बॅक." मी म्हटलं, "मग डॉक्टरकडे जा, कॉलेजचा असतो ना." "मंडेला जाईन," म्हणाला. ते वचन मला कसंसंच वाटलं. मला गप्प करायला दिल्यासारखं.

माझे शब्द संपले तसा मी फोन शैलेंद्रच्या हातात दिला. त्याने रिसीव्हर कानाला लावला. मग म्हणाला, "तुझा शॉर्टस्टॉप पंधरा दिवस जखमी आहे आणि तू त्याला अजून खेळवतोयस."

मला वाटलं, याच्या हातातून फोन हिसकावून घ्यावा. मुलाने एवढं काळीज उघडं केलं आणि बापाला मैदानावरचा कुणी शॉर्टस्टॉप सुचतोय. पलीकडून एक आवाज आला. हसला की रडला ते शैलेंद्रलाही सांगता आलं नाही.

"ऐक," शैलेंद्र म्हणाला. "मला हा खेळ कळत नाही. पूर्ण सीझनचं तर काहीच कळत नाही. मला फक्त उद्या कोण उभा आहे एवढं बघता येतं. तूही पुढचं सेमिस्टर बघू नकोस. त्या जखमी माणसाला सोड आणि एक गडी उचल. उद्यापुरता. एकच. बाकी राहू दे."

"आय कान्ट, बाबा."

"बरं. मग परवा उचल. मी इथेच आहे."

फोन ठेवल्यावर आमचं भांडण झालं. खरं तर मीच भांडले, तो ऐकत होता. मुलगा खड्ड्यात पडलाय आणि तू त्याला बेसबॉल शिकवतोस? तो म्हणाला, "मृणाल, डॉक्टरचं तू सांगितलंस. बरोबर सांगितलंस. मला दुसरं कुठलं दार माहीत नाही गं. त्याच्याशी बोलायचं माझ्याकडे एवढंच आहे."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा नेट लावलं, मला विचारून. सिअ‍ॅटलवाल्याला त्याने सोडलं आणि ओकलंडच्या एका पिचरसाठी अर्ज टाकला. हा पिचर आदल्या दिवशीच कुणीतरी सोडला होता आणि रविवारी टाकणार होता. नुकत्याच सोडलेल्या माणसावर लगेच हात टाकता येत नाही. ज्यांना हवा त्यांनी अर्ज करायचा, आणि उद्या आपल्या सकाळी अकराला, रांगेत जो पुढे असेल त्याला तो मिळणार. शैलेंद्र रोज कुणालातरी मागत असल्याने रांगेत कायम शेवटी असायचा, पण या पिचरकडे कुणाचं लक्ष नाही अशी त्याला खात्री होती. शेवटचे दोन सामने वाईट गेले होते ना त्याचे. त्याच्या मागे मात्र काहीतरी मोठं गणित शैलेंद्रने मांडलं होतं, मैदान मोठं आहे, समोरच्यांना डावखुऱ्याचे चेंडू खेळता येत नाहीत वगैरे.

"हाच सिद्धूला सांगायचा होतास," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर त्याने उचलला असता. मी म्हणतो म्हणून. त्याचा काय उपयोग?"

शुक्रवारी संध्याकाळी मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. ईशानीने त्या सभ्य मुलाला मेल लिहिला की शक्य असेल तर जाऊन बघ. उत्तर आलं नाही. रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी सकाळी फोन लावला तेव्हा तिकडे मध्यरात्र होती. रिंग वाजत राहिली आणि शेवटी आपोआप बंद झाली. आई झाल्यावर माणसाच्या डोक्यात काय काय येतं, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर खरं होईल असं मला तेव्हा वाटलं होतं, अजूनही वाटतं.

शैलेंद्र ऑफिसला गेला नाही. साइटवर आहे असं त्याने फोनवर सांगितलं आणि सोफ्यावर येऊन बसला. उठला. बसला. मी खोबरं खवत होते आणि खवणी नारळाबरोबर माझ्या बोटालाही लागत होती. साडेदहाला शेजारच्या सुलभाताई मखराचा पुठ्ठा मागायला आल्या, "सिद्धांत कसा आहे?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "मजेत." दार लावलं आणि दाराला टेकून रडले.

अकरा वाजून गेले. शैलेंद्रने नेट लावलं. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, सवयीने. पान उघडायला नेहमीइतकाच वेळ लागला. मग त्याने एकदम पुढे वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"नाही मिळाला," म्हणाला. "कुणीतरी घेतला माझा पिचर."

"जाऊ दे ना तो पिचर, शैलेंद्र."

"थांब. कुणी घेतला बघतो. ज्याने घेतला त्याला अक्कल आहे. हे कळायला..." आणि तो थांबला.

ओळ छोटी होती. मला बेसबॉल येत नाही, पण माझ्या मुलाच्या संघाचं नाव मला वाचता येत होतं. घेतला, ओकलंडचा पिचर. सोडला, जखमी शॉर्टस्टॉप. उन्हाळाभर कुणालाच न मागितल्यामुळे रांगेत तो पहिला होता. आणि अर्ज शैलेंद्रच्या फोननंतरच, शैलेंद्रने नाव न सांगता, त्या उरलेल्यांच्या अख्ख्या यादीतून शोधून केलेला होता.

मी शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझा गडी पळवला त्याने," शैलेंद्र म्हणाला. पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, आतल्या खोलीत ईशानीला ऐकू जाईल असं, "रविवारी हा मला हरवणार. माझा गडी पळवला चोराने." ईशानी धावत बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. त्याने तिला तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, पण वाक्य काही त्याच्याने पुरं झालं नाही.